जुनी औषधपेटी: आतल्या बाटल्यांपासून जडावकामाच्या दुरुस्तीपर्यंत

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून साधारण शंभर वर्षे ब्रिटनमधल्या सुखवस्तू घरांत, जहाजांवर आणि लांबच्या प्रवासाच्या सामानात एक वस्तू हमखास असायची: हाताने उचलून नेता येईल अशी लाकडी औषधपेटी. डॉक्टर मैलोगणती दूर असे, म्हणून घरची मालकीण, गावचा पाद्री किंवा जहाजाचा कप्तान पेटीतल्या पुस्तिकेत पाहून औषध द्यायचा. अमेरिकेत तर १७९० च्या कायद्याने दीडशे टनांवरच्या आणि दहा किंवा अधिक खलाशी असलेल्या, परदेशी निघालेल्या जहाजावर औषधपेटी असणे सक्तीचे केले होते. परंपरा त्याहूनही जुनी आहे. एजियन समुद्रातल्या खिओस बेटाचा शेवटचा जिनोआवासी गव्हर्नर विन्चेन्झो जुस्तिनियानी याच्यासाठी सोळाव्या शतकात बनवलेल्या पेटीत १२६ बाटल्या आणि डबे आहेत. ती आज लंडनच्या सायन्स म्युझियमच्या संग्रहात आहे.

अशी पेटी वारशाने, लिलावातून किंवा जुन्या वस्तूंच्या बाजारातून हाती आली, की बहुतेकांची नजर आधी लाकडावर जाते. महोगनीचा लालसर रंग, कडेची बॉक्सवुडची (पिवळट, टणक लाकडाची) बारीक रेघ, कुठेतरी उचकटलेले व्हिनीअर, म्हणजे वर चिकटवलेला शोभेच्या लाकडाचा पातळ थर. मग पॉलिश पेपर आणि फेव्हिकॉलसारखा गोंद बाहेर निघतो. माझे सांगणे असे, की पेटीचे लाकूड आणि तिच्यातली औषधे ही एकच वस्तू आहे. बाटलीतल्या बुकटीचा डाग खणाच्या तळाशी असतो, त्या डागावरून कोणती बाटली कुठे राहायची ते कळते, आणि तोच डाग सुतारकामाच्या हौसेत पहिला घासला जातो. म्हणून खालच्या पायऱ्यांचा क्रम बदलू नका. करवत आणि सरस बरेच शेवटी येतात.

पहिली पायरी: नोंद

पेटी वरच्या पितळी कडीने उचलू नका. ती कडी झाकणाच्या किंवा वरच्या फळीच्या दोन स्क्रूंवर असते, फळी जुनी असते आणि आत काचेचे वजन असते. दोन्ही हात तळाखाली घालून उचला आणि जाड, मऊ कापडावर ठेवा.

उघडण्याआधी सहा बाजूंचे फोटो घ्या. उघडल्यावर काहीही न हलवता पुन्हा घ्या. मग कागदावर कप्प्यांचा नकाशा काढून प्रत्येक घराला क्रमांक द्या. बाटल्यांना हात लावण्याआधी दुसरी पायरी पूर्ण वाचा. बाटली बाहेर काढली की तिच्या गळ्यात सुती दोऱ्याने तोच क्रमांक बांधा. काचेवर किंवा जुन्या लेबलावर काही चिकटवू नका. कोणता स्क्रू कुठून निघाला, हेही लिहून ठेवायचे. बिजागरीचे स्क्रू दिसायला सारखे असले तरी हाताने घडवलेल्या प्रत्येक स्क्रूची फिरकी वेगळी असते, आणि दुसऱ्याच्या भोकात घुसवला तर तो लाकूड फाडतो.

दुसरी पायरी: बाटल्यांतले काय करायचे

हा भाग सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण इथे चूक झाली तर ती शरीराला भोवते. जुन्या घरगुती पेटीत त्या मानाने सौम्य गोष्टी असतात: रेवाचिनी, सोनामुखी, एप्सम सॉल्ट, कापूर, सिंकोनाची साल. त्याच रांगेत कॅलोमेल असते. हे पाऱ्याचे क्षार, जड पांढरी पूड. उजेडाने ती करडी पडते, कारण तिच्यातून पारा सुटू लागतो. टार्टार एमेटिकमध्ये अँटिमनी असते. लॉडॅनम म्हणजे अल्कोहोलमध्ये विरघळवलेली अफू. डोव्हर्स पावडरमध्येही अफू आहे, इपिकॅकच्या (ओकारी आणणाऱ्या मुळाच्या) जोडीने. फाउलरच्या द्रावणात आर्सेनिक असते, गुलार्डच्या अर्कात शिसे. शंभर-दीडशे वर्षांनंतरही पारा, आर्सेनिक आणि शिसे जिथल्या तिथे असतात. मुरल्याने त्यांचे विष उतरत नाही.

म्हणून नायट्राइलचे हातमोजे घाला, खोली हवेशीर ठेवा, खाणेपिणे दूर. बाटलीला नाक लावून वास घेऊ नका. अडकलेले काचेचे बूच पिळू नका, गरम करू नका. ते घासून त्याच बाटलीच्या गळ्यात बसवलेले असते, आणि जोर दिला की गळा फुटून आतले हातावर येते. बूच अडकलेले असेल तर अडकलेलेच राहू द्या. बंद बाटली ही सगळ्यात सुरक्षित बाटली आहे.

दोन पदार्थांसाठी बाटलीला हातच लावायचा नाही. एक ईथर. हवा लागून त्यात वर्षानुवर्षे पेरॉक्साइड तयार होतात, आणि बुचाच्या घर्षणानेही त्यांचा स्फोट होऊ शकतो. दुसरा पिक्रिक आम्ल, जो विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या प्रथमोपचार पेट्यांत भाजल्यावर लावायला असायचा. त्याचे सुकलेले पिवळे स्फटिक धक्क्याने पेटतात. लेबलावर यांपैकी नाव दिसले, किंवा बुचाभोवती पिवळे वा पांढरे स्फटिक दिसले, तर पेटी हलवू नका आणि घातक रसायने हाताळणाऱ्या सरकारी यंत्रणेला कळवा. बाकीच्या विषारी पदार्थांची विल्हेवाटही रसायनांच्या अधिकृत मार्गानेच लावायची. सिंकमध्ये, मोरीत किंवा कचऱ्यात नाही. अफूची संयुगे जवळ ठेवण्यावर बहुतेक देशांत कायद्याचे बंधन आहे, तेव्हा तेही आधी विचारून घ्या.

बाटली रिकामी करावी लागलीच, तर लेबल ओले होऊ देऊ नका. पेटीचा इतिहास सांगणारा सगळ्यात बोलका भाग म्हणजे ते छापील लेबल. त्यावर औषधविक्रेत्याचे नाव आणि पत्ता असतो. लंडनच्या न्यू बाँड स्ट्रीटवरच्या सेव्हरी अँड मूरसारख्या नावाचे लेबल मिळाले, तर पेटीचा काळ त्या पत्त्यावरून बराच जवळ आणता येतो. एकाच पेटीत तीन विक्रेत्यांची लेबले असतील तर नाराज होऊ नका. पेटी वापरात होती आणि रिकाम्या बाटल्या पुन्हा भरून आणल्या जात होत्या, एवढाच त्याचा अर्थ.

झाकणाला किंवा खणाला आतून हिरवा कागद लावलेला असेल तर तो खरवडू नका. शीलेचा हिरवा रंग १७७५ च्या सुमारास आला आणि पुढे एकोणिसाव्या शतकात कागदांवर भरपूर वापरला गेला. त्यात आर्सेनिक आहे.

तिसरी पायरी: वय ओळखणे

एका खुणेवर विसंबून वय ठरवू नये. चार-पाच खुणा एकाच काळाकडे बोट दाखवत असतील, तरच विश्वास ठेवा.

लाकडापासून सुरू करा. बहुतेक इंग्रजी पेट्या महोगनीच्या. शिसवी, सॅटिनवुड, अक्रोड आणि ओकच्याही मिळतात. कोपऱ्यांचे डव्हटेल सांधे, म्हणजे एकमेकांत अडकणाऱ्या पाचरीसारख्या दातांचे सांधे, पाहा. हाताने कापलेल्या सांध्यांत अंतरे किंचित कमी-जास्त असतात, टोके अगदी निमुळती असतात, आणि आखणीची बारीक रेघ फळीवर तशीच राहिलेली दिसते. सगळे दात एकाच मापाचे असतील तर सांधा यंत्राचा, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला किंवा नंतरचा.

स्क्रू काढताना त्याचे टोक पाहा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लाकडाचे स्क्रू टोकाला बोथट असत, खाच बऱ्याचदा मध्यापासून सरकलेली असे. टोकदार स्क्रू त्यानंतर रूढ झाले. पण बिजागरी कधीतरी बदललेलीही असू शकते, म्हणून स्क्रूच्या भोवती जुनी, बुजवलेली भोके आहेत का तेही बघा. कुलपावर मुकुट आणि व्हिक्टोरिया राणीची अक्षरे असतील तर ते १८३७ नंतरचे. गोल नळीसारखी किल्ली लागणारे ब्रामा कुलूप १७८४ च्या पेटंटचे आहे, पण ते पुढे दीर्घकाळ बनत राहिले, म्हणून त्यावरून फक्त खालची मर्यादा कळते.

बाटल्या चौकोनी असतात, म्हणजे कप्प्यात गच्च बसतात आणि गाडीच्या धक्क्यांनी फिरत नाहीत. तळाशी काच धरायचा लोखंडी दांडा (पाँटिल) तोडल्याचा व्रण, खरखरीत किंवा घासून गुळगुळीत केलेला, दिसला तर ती हाताने फुंकलेली. साच्याचा सांधा थेट ओठावरून गेला असेल तर बाटली विसाव्या शतकातली, कुणीतरी नंतर भरतीला घातलेली. खांद्यांचा उतार आणि काचेची छटा सगळ्यांची सारखी आहे का, ते बाटल्या एका ओळीत ठेवून बघितले की चटकन कळते.

खालच्या खणात छोटा हातातला तराजू, पितळी वजने, काचेचा खल, गोळ्या वळायची फरशी आणि मोजपात्र असते. वजनांवरची चिन्हे औषधी मापांची आहेत: २० ग्रेनचा एक स्क्रूपल, ३ स्क्रूपलचा एक ड्राम, ८ ड्रामांचा एक औंस. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६४.८ मिलिग्रॅम, औंस ३१.१ ग्रॅम. वजने घासून चकचकीत करू नका. घासण्याने वजन घटते, आणि मग ते खरे वजन राहत नाही.

बरोज वेलकम कंपनीने १८८४ मध्ये ‘टॅब्लॉइड’ हे व्यापारनाव नोंदवले. दाबून केलेल्या गोळ्या रूढ झाल्या, तशा द्रवांच्या जड बाटल्या मागे पडल्या आणि पेट्याही पत्र्याच्या, चामड्याच्या, लहान झाल्या. लाकडी पेटीचे वैभव त्याआधीचे.

मागचा कप्पा शोधायला विसरू नका. अनेक पेट्यांत विषारी औषधे मागच्या सरकत्या फळीआड ठेवत. बाहेरून खोली मोजा, आतून मोजा. दोन्हींत भिंतींच्या जाडीपेक्षा बराच जास्त फरक आला, तर मागे कप्पा आहे. फळी सोडवणारी खिटी बहुधा पेटीच्या आतच असते: पितळेची छोटी कळ किंवा वर ओढायची दांडी. चाकू घालून फळी उचकटू नका. कळ सापडेपर्यंत बॅटरीच्या उजेडात शांतपणे पाहा.

चौथी पायरी: सफाई, जेवढी लागेल तेवढीच

आधी कोरडी धूळ. मऊ ब्रश एका हातात, व्हॅक्यूमचे तोंड दुसऱ्या हातात, नळीच्या त्या तोंडावर बारीक जाळी बांधलेली. ओढ सगळ्यात कमी ठेवा. मखमलीवरही हेच, पण ब्रश न घासता. रेशमी मखमलीचे पोत मोडले की परत उभे राहत नाहीत, आणि जुनी मखमल काढून नवी लावणे म्हणजे पेटीचा निम्मा जीव काढणे.

लाकडाच्या बाह्य पृष्ठावर काय लेप आहे ते आधी ठरवा. आतल्या कडेवर, दिसणार नाही अशा जागी, कापसाच्या बोळ्याने एक थेंब अल्कोहोल लावा. पृष्ठ लगेच चिकट झाले तर ती लाखेची फ्रेंच पॉलिश. काहीच झाले नाही तर नंतरचे पॉलियुरेथेन असण्याची शक्यता मोठी. मेणाचा थर व्हाइट स्पिरिटने (पेट्रोलियमपासून केलेल्या, रंग पातळ करायच्या द्रवाने) सुटतो. या चाचणीत जे कळते, त्याचा अर्थ उलटा आहे: जे ज्याने विरघळते, ते द्रव्य सफाईत वापरायचे नाही. लाखेवर अल्कोहोल नको. साधा मळ डिस्टिल्ड पाण्याने जेमतेम ओलसर केलेल्या बोळ्याने, एका वेळी तळहाताएवढ्या जागेवर, आणि लगेच कोरडे पुसून काढा. भेगेवर किंवा सुटलेल्या व्हिनीअरवर पाणी नकोच.

जवसाचे तेल चोळायचा सल्ला सर्रास दिला जातो. तो पाळू नका. ते तेल वर्षांनी काळे आणि चिवट होते, पुन्हा निघत नाही. शिवाय त्याने भिजलेल्या चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. सिलिकॉनचे चमक आणणारे फवारेही नकोत, त्यांच्यावर पुढे कोणतीच पॉलिश नीट धरत नाही.

पाचवी पायरी: जडावकाम कसे घडले ते समजून घ्या

इंग्रजी घरगुती पेट्यांचे जडावकाम, म्हणजे लाकडात दुसरे लाकूड किंवा धातू बसवून केलेली सजावट, बहुधा संयमी असते, आणि तेच मला आवडते. खरे कसब आतल्या पातळ फळ्यांच्या घरट्यांत दिसते: प्रत्येक बाटलीला बोटभरही जास्त जागा नाही आणि तरी ती सहज निघते. बाहेर मात्र दोन-तीन प्रकार पुन्हापुन्हा भेटतात. झाकणाच्या कडेने आडव्या तंतूंच्या व्हिनीअरचा पट्टा. त्याला लागून बॉक्सवुडची पिवळट किंवा एबनीची काळी रेघ. मध्ये अंडाकृतीत शिंपला वा पंखा. रीजन्सी काळात, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, शिसवीत पितळेच्या रेघा बसवण्याची आवड वाढली. इंग्लंडमधल्या टनब्रिज वेल्स गावच्या कारागिरांनी तर वेगवेगळ्या रंगांच्या लाकडी काड्या जोडून, त्यांचे आडवे काप घेऊन चौकटी-चौकटींची नक्षी केली. कासवाच्या कवचात पितळ बसवण्याची फ्रेंच रीत आंद्रे-शार्ल बूल (१६४२–१७३२) यांच्या नावाने ओळखली जाते.

शिंपल्याच्या पाकळ्यांवर जी सावली दिसते ती रंगवलेली नाही. प्रत्येक तुकड्याची एक कड तापलेल्या वाळूत काही क्षण धरतात, ती कड तपकिरी भाजते आणि छटा हळूहळू फिकट होत जाते. वाळू जास्त तापली तर कड कोळसा होते आणि भुगा पडतो. म्हणून रोज काम करणारा कारागीर आधी टाकाऊ तुकड्यावर वाळू पारखतो.

नक्षीचे तुकडे फ्रेटसॉने, म्हणजे बारीक पात्याच्या करवतीने, कापतात. दोन लाकडांच्या पातळ पट्ट्या एकावर एक ठेवून, पाते किंचित तिरके धरून एकदम कापले की एकीतून निघालेला तुकडा दुसरीतल्या भोकात बरोबर बसतो, कारण तिरक्या कापाने पात्याची जाडी भरून निघते. जुने व्हिनीअर करवतीने कापलेले असे, एक मिलिमीटरहून जाड. आजचे चाकूने सोललेले साधारण ०.६ मिलिमीटर. हा फरक दुरुस्तीत सतत आडवा येतो.

आणि बिघाड का होतो? लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, पण रुंदीत हवेच्या दमटपणाप्रमाणे फुगते आणि आकसते. झाकणाची फळी शंभर वर्षांत आडवी आकसली, तिच्यावरचा आडवा पट्टा मात्र तेवढा आकसायला तयार नव्हता, म्हणून तो फुगून सुटला. पितळेची रेघ तर अजिबात आकसत नाही. तिची टोके उचलून वर येतात ती या कारणाने. हे कळले की पुढची दुरुस्ती निम्मी सोपी होते, कारण तुम्ही रेघ ठोकून बसवण्याऐवजी तिला जागा करून देता.

सहावी पायरी: सरस शिजवणे

जुनी पेटी प्राण्यांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या सरसाने जोडलेली असते. दुरुस्तीही त्यानेच करावी. पांढरा गोंद किंवा इपॉक्सी घट्ट धरतात, पण पुढच्या माणसाला ते सोडवता येत नाहीत. सरस मात्र ऊब आणि ओलाव्याने पुन्हा सुटतो. उलटता येणारी जोडणी, हा या कामातला माझ्या मते सगळ्यात मोठा नियम.

सरसाचे दाणे एक भाग, थंड पाणी वजनाने सुमारे दोन भाग. काही तास भिजू द्या, दाणे फुगून मऊ होतील. मग भांडे गरम पाण्याच्या दुसऱ्या भांड्यात ठेवून साधारण ६० अंश सेल्सिअसवर विरघळवा. उकळी आली तर सरसाची ताकद जाते. ब्रश उचलल्यावर सरस न तुटता, पातळ मधासारखा, एका धारेत पडला की तो वापरायला तयार. खोली थंड असेल तर लाकूडही आधी कोमट करा, नाहीतर सरस तुकडा दाबायच्या आत गोठतो. उरलेला फार दिवस ठेवू नका, नासला की वासानेच कळतो.

सातवी पायरी: सुटलेले व्हिनीअर बसवणे

नखाने हलके टकटक करत फिरा. भरीव आणि पोकळ आवाजातला फरक लगेच कळतो. पोकळ जागेभोवती कमी चिकट कागदी टेपचे बारीक तुकडे लावून खूण करा.

आधी सोपा उपाय करून बघा. बऱ्याचदा जुना सरस खाली शिल्लक असतो. त्या जागेवर बेकिंगचा कागद ठेवून, सुमारे ६५ अंशांची, वाफ बंद केलेली इस्त्री काही सेकंद टेकवा, उचला, आणि लगेच थंड गुळगुळीत ठोकळ्याने दाबून धरा. लाखही याच आसपास मऊ होते, म्हणून आधी कोपऱ्यावर आजमावणे आवश्यक. पृष्ठ धुरकट झाले तर उष्णता कमी करा किंवा ही रीत सोडा.

जुना सरस मेलेला असेल, म्हणजे भुसभुशीत पिवळ्या पुडीसारखा, तर ताजा घालावा लागतो. फुगवट्याची कड उघडी असेल तर तिथूनच आत जा. नसेल तर धारदार पात्याने तंतूंच्या दिशेनेच एक चीर द्या, आडवी कधीच नाही. तंतूंबरोबरची चीर मिटल्यावर दिसत नाही, आडवी कायम दिसते. कोमट पाण्याच्या ओलसर बारीक ब्रशने जुना सरस काढा, पातळ लवचिक पट्टीने किंवा सुईच्या पिचकारीने नवा आत ढकला, बोटाने मध्यापासून कडेकडे दाबत जादा सरस बाहेर काढा. तो लगेच ओलसर कापडाने टिपून घ्या. वर बेकिंग कागद, त्यावर कॉर्कचे अस्तर असलेला ठोकळा, आणि क्लॅम्प. झाकणाचा वक्र भाग असेल तर वाळूची पिशवी ठेवा, ती आकार घेते. क्लॅम्प हाताच्या बोटांनी फिरेल एवढाच घट्ट करा. जास्त दाबाने सगळा सरस निघून सांधा उपाशी राहतो. एक दिवस हात लावू नका.

आठवी पायरी: हरवलेला तुकडा नव्याने बसवणे

जुने सुतार तुटलेली जागा सरळ कडांनी कापून साफ करत आणि चौकोनी तुकडा बसवत. काम पटकन होते. मी ते करणार नाही. पोकळीच्या कडा मूळ लाकडाच्या आहेत, आणि तुकड्याने पोकळीचा आकार घ्यावा, पोकळीने तुकड्याचा नाही. वेळ जास्त लागतो, पण मूळ लाकडाचा एक कणही जात नाही.

पोकळीवर पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिलीने घासा, आकार उमटेल. मग लाकूड निवडा. जात तीच, छिद्रांची बारीकी तीच, रेषांची दिशा तीच. जुन्या टाकाऊ फर्निचरच्या तुकड्यातून करवतीने स्वतः कापलेले व्हिनीअर जाडीने जुळते. नवे सोललेले वापरायचे तर दोन थर एकमेकांवर तंतू समांतर ठेवून चिकटवा. निवडलेला तुकडा जागेवर धरून उजेडात फिरवून बघा. महोगनीची चमक एका बाजूने गडद, दुसऱ्या बाजूने फिकट दिसते. उलटा बसवलेला तुकडा रंग कितीही जुळवला तरी उठून दिसतो.

आकार थोडा मोठा कापा, कडा खालच्या बाजूने किंचित आत उतरत्या करा, आणि बारीक कानशीने घासत घासत बसवा. वरची कड भिडली पाहिजे, खाली सरसाला जागा राहिली पाहिजे. तुकडा पृष्ठापेक्षा कागदभर उंच राहू द्या. सरस पूर्ण सुकल्यावर भोवतीच्या मूळ लाकडावर टेप लावून फक्त तुकडा स्क्रॅपरने (तासायच्या धारदार पत्रीने) खाली आणा. पॉलिश पेपर इथे नको, तो टेपच्या पलीकडे हमखास सरकतो.

रंग आधी तुकड्याच्या टाकाऊ भागावर आजमावा, तेही तुकडा चिकटवण्याआधी. पाण्यात विरघळणारा रंग पातळ थरांनी, प्रत्येक थर सुकवून. जुळवताना लाकूड कोरडे नव्हे, त्यावर पॉलिशचा हात फिरवल्यावर कसे दिसते ते बघायचे. नंतर लाखेचे पातळ हात. नव्या तुकड्याला जुन्यापेक्षा अगदी किंचित फिकट सोडा: पहिली काही वर्षे महोगनी उजेडात गडद होत जाते.

बॉक्सवुडची रेघ तुटली असेल तर एक मिलिमीटरची पट्टी तासून, कोपऱ्यावर पंचेचाळीस अंशांत जोडा. वळणावर ती ओलसर करून गरम नळीवर वाकवा. पितळेच्या रेघेला मात्र वेगळी वागणूक लागते. गुळगुळीत पितळेला सरस नीट धरत नाही. रेघ अलगद सोडवून खालची बाजू खरखरीत करा, अल्कोहोलने तेलकटपणा काढा, खाचेतला जुना सरस कोमट पाण्याने साफ करा आणि माशाचा सरस वापरा, पितळकामाला तोच परंपरेने वापरतात. लाकूड आकसल्याने रेघ आता खाचेपेक्षा लांब झाली असेल, तर आधी दोन रेघांमधल्या सांध्यात जागा मिळते का बघा. कुठेच जागा नसेल तेव्हाच टोक कानशीने केसभर कमी करा.

कासवाचे कवच, हस्तिदंत आणि ब्राझीलची शिसवी यांच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय करारांची बंधने आहेत. असे भाग असलेली पेटी सीमेपलीकडे नेण्याआधी कागदपत्रे पाहा. आणि कवच किंवा हस्तिदंत सुटले असेल तर ते काम जाणकाराकडे द्या. कवच उष्णतेने वाकते, हस्तिदंत ओलाव्याने तडकते.

पितळ, पॉलिश, कीड

पितळी कडी आणि कुलपाच्या चौकटीवर अमोनिया असलेले पॉलिश लावू नका. ते आजूबाजूच्या लाकडाला काळा डाग पाडते, आणि सुकलेली पांढरी पूड रेषांत अडकून बसते. धूळ पुसून मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात पुरे.

लाखेचा थर झिजलेला असेल तर पूर्ण उतरवून नवा चढवू नका. चपडी लाख स्पिरिटमध्ये (म्हणजे अल्कोहोलमध्ये, व्हाइट स्पिरिटमध्ये नव्हे) दहा ते पंधरा टक्के विरघळवा, कापसावर सुती कापड बांधून पोटली करा, आणि जिथे थर नाही तिथेच हलक्या गोल हाताने फिरवा. पोटली एका जागी थांबली की खालचा थर उचलते. दोन-तीन दिवस सुकू द्या, मग मेण.

दीड-दोन मिलिमीटरची गोल छिद्रे म्हणजे फर्निचर भुंग्याची. छिद्र जुने की चालू, हे खाली पडणाऱ्या ताज्या, फिकट पिठावरून कळते. पेटी काळ्या कागदावर काही आठवडे ठेवा. पीठ पडत असेल तर इतर लाकडी सामानापासून ती ताबडतोब वेगळी काढा आणि ऑक्सिजनविरहित उपचार करणाऱ्या संवर्धकाकडे द्या. घरी कीटकनाशक ओतल्याने पॉलिश आणि लेबले दोन्ही जातात.

ठेवण्याची जागा आणि पुढची तपासणी

दमटपणा ४५ ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान आणि मुख्य म्हणजे स्थिर असावा. थेट ऊन, बाहेरची भिंत, हीटर आणि एसीचा झोत टाळा. मखमल आणि लेबले उघडी दिसत असतील तर उजेड ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचे एकक) आसपास ठेवा, पाहून झाल्यावर झाकण बंद करा. रिकाम्या केलेल्या बाटल्या त्यांच्या क्रमांकाच्या घरात परत जातात. भरलेल्या बाटल्या ठेवायची परवानगी असेल, तर त्या मुलांच्या हाताला न लागणाऱ्या, कुलूपबंद जागी स्वतंत्र ठेवा, आणि पेटीतल्या त्यांच्या घरांत क्रमांकाची चिठ्ठी ठेवा.

काय केले ते एका आम्लविरहित कागदावर लिहून खणात ठेवा: तारीख, कोणता तुकडा नवा, कोणता सरस, कोणता रंग. एक पूर्ण वर्ष, म्हणजे एक दमट आणि एक कोरडा ऋतू जाईपर्यंत, दर महिन्याला जोडलेल्या जागा पुन्हा नखाने वाजवून बघा. व्हिनीअर पुन्हा सुटलेच, तर सरस बदलण्याआधी पेटीची जागा बदला.